मातीतले शिसे: उखडायचे की जागीच बांधायचे?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेले भाषण)



अभ्यासवर्गात आपण नेहमी महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा आणि खासगीकरण यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. आज मात्र मी मातीवर बोलणार आहे. आपल्या क्वार्टरपुढची, शेडमागची, यार्डालगतच्या वस्तीतली माती. आपली पोरे जिच्यात खेळतात ती माती.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. पण संघटनेच्या कामात एक गोष्ट पक्की शिकलो. ज्या गोष्टीचे नाव आपल्याला घेता येत नाही, तिच्यावर साहेब आपल्याला दोन मिनिटांत गप्प बसवतो. म्हणून आधी नावे शिकू या. आजचे पहिले नाव साधे आहे: शिसे.

शिसे आपल्याला परके नाही. डब्याखालची बॅटरीची पेटी आठवा. तिच्यात शिशाच्या प्लेटा आणि अ‍ॅसिड असते. ट्रेन लाइटिंगच्या कामगारांनी वर्षानुवर्षे त्या पेट्या उचलल्या, धुतल्या, त्यांत पाणी भरले. जुन्या वाघिणींच्या बेअरिंगना व्हाइट मेटलचा थर असे, त्यातही शिसे. मालडब्याच्या दाराला पक्कडीने दाबून लावायचे सील शिशाचेच होते. लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून जो लाल प्रायमर लावत, तो 'रेड लेड', म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गावच्या मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर हा त्याचाच प्रकार. पुलाच्या गँगमधल्या खलाशांनी तो जुना रंग हाताने खरवडला, त्याच्या पापड्या खाली पडल्या, आणि खालच्या मातीने त्या पोटात घेतल्या.

टपालातल्या बंधूंनी हा विषय फक्त रेल्वेचा समजू नये. पोस्टमन गल्लीगल्ली हिंडतो. कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतात, हे सरकारी दप्तरात नसेल, पण त्या बीटच्या पोस्टमनला माहीत असते. आणि रंगाचे शिसे तर घराघरात होते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग जुन्या भिंतींवर, खिडक्यांवर अजून आहेत. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. तोवर रस्त्याकडेला जो धूर खाली बसला, तो मातीतच राहिला.

इथेच मूळ मुद्दा आहे. धातू कुजत नाही. शेण कुजते, कागद कुजतो, माणूसही मातीत मिसळून जातो. शिसे शिसेच राहते. कारखाना बंद पडतो, कंपनी नाव बदलते, अधिकारी बदलून जातात, कामगार निवृत्त होतो, आणि मातीतले शिसे मात्र त्याच जागी राहते.

ते करते काय? आपल्या शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. म्हणून शिसे हाडात आणि दातात जाऊन बसते. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे. मोठ्यांत रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे विकार वाढवते. गरोदर बाईच्या हाडांतले शिसे रक्तात उतरून पोटातल्या बाळापर्यंत जाते. रक्तात अमुक इतके शिसे चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० साली अहवाल काढला. त्यात जगातली सुमारे ८० कोटी मुले शिशाने बाधित असल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे तीन मुलांमागे एक. त्यांत आपल्या देशातल्या मुलांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

मातीतले शिसे पोटात जाते कसे? पुष्कळांना वाटते भाजीतून. थोडे जातेही. पण मोठा रस्ता आहे धूळ आणि हात. रांगते मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. नखात माती, पायाला लागून घरात आलेली माती, बापाच्या कामाच्या कपड्यांवरची माती. आता लक्षात घ्या, पोटात गेलेल्या शिशापैकी रक्तात किती जाईल, हे ते शिसे कुठल्या रूपात आहे यावर ठरते. सहज विरघळणारे असेल तर जास्त जाईल. दगडासारखे घट्ट असेल तर बरेचसे शौचावाटे बाहेर पडेल. आजचा सगळा विषय या एका वाक्यावर उभा आहे.

दूषित मातीचे करायचे काय? ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला, माती उकरून दुसरीकडे नेऊन टाकायची. दुसरा, वर स्वच्छ मातीचा, फरशीचा किंवा डांबराचा थर घालून झाकायची. तिसरा, मातीत असे काही मिसळायचे की धातू तिथेच जखडला जाईल आणि पाण्यात किंवा पोटात सहज सुटणार नाही. शेतकऱ्याचा मुलगा असेल त्याला हे अवघड वाटणार नाही. आंबट जमिनीत चुना घालतात, निकस जमिनीत शेणखत घालतात, तसेच हे काम. फक्त इथे पीक वाढवायचे नसते, विषाला बेडी घालायची असते.

याचे एक उदाहरण सांगतो. ते अमेरिकेतले आहे. मुद्दाम निवडले, कारण ती वस्ती आपल्याच भाईबंदांची आहे. कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड शहराचा पश्चिम भाग, वेस्ट ओकलंड. खंड ओलांडून आलेली रेल्वे १८६९ साली इथे समुद्राला भिडली. पुढे इथे यार्डे झाली, वर्कशॉप झाले, आणि भोवती रेल्वे कामगारांची वस्ती झाली.

त्या वस्तीत पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतले पोर्टर राहत. ते जवळजवळ सगळे काळे कामगार. प्रवाशांची अंथरुणे घालायची, बूट पुसायचे, रात्रभर जागायचे. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल इतके काम. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. या कामगारांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली. बारा वर्षे लढून १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली. महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. पश्चिम किनाऱ्यावर या संघटनेचे काम सी. एल. डेलम्स यांनी वेस्ट ओकलंडमध्ये बसून चालवले. आज ओकलंडच्या एका रेल्वे स्टेशनला त्यांचे नाव आहे. कामगार पुढाऱ्याचे नाव स्टेशनला! आपल्याकडे असे किती वेळा झाले, याचा हिशेब आपणच करावा.

अशा लढाऊ वस्तीच्या वाट्याला पुढे काय आले? १९५७ साली वस्ती चिरत दुमजली उन्नत महामार्ग गेला. १९६० च्या दशकात प्रचंड टपाल केंद्र उभारण्यासाठी अनेक गल्ल्यांतली घरे पाडली. टपाल बंधूंनो, टपाल खात्याच्या नावानेही कामगारांची घरे पडतात, हेही त्या इतिहासात लिहिलेले आहे. १९८९ च्या भूकंपात तो महामार्ग कोसळला आणि त्याखाली ४२ माणसे मेली. इतके सगळे होईपर्यंत जुन्या लाकडी घरांचा रंग, पेट्रोलचा धूर आणि आजूबाजूचे जुने उद्योग यांतले शिसे अंगणात साठत होते.

या भागात साउथ प्रेस्कॉट नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या एका जुन्या रसायनांच्या गोदामाची जागा २००३ साली केंद्र सरकारच्या अतिदूषित जागांच्या यादीत गेली. तपास करताना आजूबाजूच्या घरांच्या अंगणातही शिसे सापडले. ते त्या एका गोदामाचे नव्हते. अमुक एक गुन्हेगार पकडून त्याच्याकडून वसूल करावे, अशी सोय नव्हती. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेला काहीतरी करणे भाग होते. सगळी अंगणे उकरायची म्हणजे रोज ट्रक, रोज धूळ, आणि उकरलेली विषारी माती शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात. तो दुसरा बहुधा आपल्याहूनही गरीब असतो.

म्हणून २०११ साली त्यांनी माशाची हाडे वापरली. हसू नका. अलास्कात पोलॉक नावाच्या माशावर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत. मांस निघाल्यावर उरलेली हाडे स्वच्छ करून दळतात. ती भुकटी अंगणाच्या वरच्या थरातल्या मातीत यंत्राने नीट कालवली. वर स्वच्छ माती घातली, हिरवळ आणि झाडे लावली. घरमालकाची संमती घेऊनच अंगणात पाऊल टाकले. कामाला माणसे घेतली ती त्याच भागातली. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या एका स्थानिक प्रशिक्षण केंद्रातून बेकार तरुण निवडले, त्यांना शिकवले आणि मजुरी देऊन कामाला लावले.

हाडे का? हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्या खनिजाला अपेटाइट म्हणतात. ते मातीत हळूहळू विरघळते आणि फॉस्फेट मोकळे होते. शिसे त्या फॉस्फेटला धरते आणि दोघांचे मिळून नवे खनिज तयार होते. त्याचे नाव पायरोमॉर्फाइट. हे खनिज इतके घट्ट असते की पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, आणि पोटातल्या आम्लालाही सहजी दाद देत नाही. मुलाने चिमूटभर माती गिळलीच, तरी त्यातले बरेचसे शिसे रक्तात न शिरता बाहेर पडावे, हा हेतू. एरवी आपल्या पोरांच्या हाडात जाऊन बसले असते ते शिसे माशाच्या हाडात अडकवायचे, असे म्हणा.

हे नुसते कागदावरचे आहे का? नाही. मिझुरी राज्यात जॉप्लिन नावाचे शिसे-जस्ताच्या खाणींचे आणि भट्ट्यांचे जुने गाव आहे. तिथल्या दूषित मातीवर १९९७ पासून फॉस्फेटचे प्रयोग झाले. प्रक्रिया केलेली माती डुकराच्या पिल्लांना खाऊ घालून रक्त तपासले, कारण त्यांचे पोट लहान मुलाच्या पोटासारखे चालते. पुढे प्रौढ स्वयंसेवकांवरही चाचणी झाली. प्रक्रिया न केलेल्या मातीपेक्षा रक्तात जाणारे शिसे स्पष्टपणे घटले. पण शून्य झाले नाही. हे 'पण' आपल्या वहीत लिहून ठेवा.

आता जी गोष्ट सांगतो ती वाटाघाटीच्या टेबलावर उपयोगी पडेल. माती बांधली तरी तिच्यातले एकूण शिसे तेवढेच राहते. आधी एका किलोत ६०० मिलिग्रॅम असेल, तर नंतरही ६०० च. कोणी अधिकारी म्हणाला की हाडाचा चुरा घालून शिसे कमी केले, तर तो चुकीचे बोलतो आहे. आणि आपल्यातला कोणी ओरडला की आकडा तोच आहे, म्हणजे काहीच झाले नाही, तर तोही चुकीचे बोलतो आहे. अशा वेळी दुसरी चाचणी लागते. मातीचा नमुना पोटातल्या आम्लासारख्या द्रावणात, शरीराइतक्या उष्णतेत, तासभर घुसळतात आणि किती शिसे सुटले ते मोजतात. एकूण शिसे आणि पोटात सुटणारे शिसे, असे दोन आकडे आपण मागितले पाहिजेत. आधीचेही आणि नंतरचेही.

मर्यादेचा आकडाही कायम नसतो. अमेरिकेत घराच्या अंगणासाठी केंद्राचा तपासणीचा आकडा बरीच वर्षे किलोमागे ४०० मिलिग्रॅम होता. २०२४ च्या जानेवारीत तो २०० वर आणला. कॅलिफोर्निया राज्याचा स्वतःचा आकडा तर ८० आहे. म्हणजे काल 'ठीक आहे' म्हटलेले अंगण आज संशयित ठरू शकते. म्हणून कुठे काय मिसळले, किती खोल, कधी, याची नोंद राहिली पाहिजे. बांधलेले विष हे संपलेले विष नव्हे. साखळदंडाने बांधलेल्या कुत्र्याची जशी साखळी अधूनमधून पाहावी लागते, तसे हे पाहावे लागते.

आता सावधगिरीचे सांगतो, कारण आपल्याकडे अर्ध्या माहितीवर धावणारे पुष्कळ. एकच औषध सगळ्या धातूंना चालत नाही. फॉस्फेट शिशाला बांधते. पण त्याच मातीत आर्सेनिक असेल, तर फॉस्फेट त्याला ढकलून मोकळे करते. एका विषाला बेडी घालताना दुसऱ्याची बेडी काढल्यासारखे होते. आर्सेनिकला लोहाची संयुगे धरून ठेवतात. आंबट मातीत चुना घातला की कॅडमियम आणि जस्त यांची हालचाल कमी होते. पण जमीन पुन्हा आंबट झाली तर ते पुन्हा सुटतात. शेणखत आणि कंपोस्ट काही प्रमाणात शिसे आणि तांबे धरून ठेवतात, शिवाय गवत वाढून धूळ बसते.

क्रोमियमची गोष्ट आणखी वेगळी. कानपूर देहातमधले रनिया आणि तमिळनाडूतले राणीपेट इथे क्रोमियमच्या कचऱ्याने जमीन आणि भूजल नासले आहे. तिथला घातक प्रकार चुन्याने जखडत नाही. उलट खारट-अल्कधर्मी मातीत तो पाण्याबरोबर पळतो. त्याचे रूपच बदलावे लागते, आणि त्यासाठी लोहाच्या क्षारांसारखी द्रव्ये वापरतात. त्यामुळे माती तपासल्याशिवाय पोते फोडायचे नाही, हा पहिला नियम.

सुपर फॉस्फेटचे पोते आणून आपणच अंगणात टाकू, असे कोणाच्या मनात आले असेल तर थांबा. रासायनिक फॉस्फेट खतात स्वतःचे कॅडमियम असू शकते. जास्तीचे फॉस्फेट पावसाबरोबर नाल्यात आणि तळ्यात गेले की शेवाळ माजते. आणि कोरडी माती उकरताना जी धूळ उडते, ती पहिल्यांदा उकरणाऱ्याच्याच छातीत जाते. बांधण्याची ही प्रक्रिया पाण्याच्या ओलाव्यावर, मातीच्या आंबटपणावर आणि किती नीट कालवले यावर चालते. प्रयोगशाळेत जेवढे शिसे बांधले जाते तेवढे अंगणात नेहमी बांधले जात नाही.

हा विषय निघाला की संघटनेत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की हे सगळे गरिबांसाठीचे स्वस्त औषध आहे. साहेबांच्या बंगल्यात शिसे निघाले असते तर माती उकरून नेली असती, आमच्या दारात मात्र हाडांचा चुरा. या रागात तथ्य आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. दुसरे मत असे की जे मिळते ते घ्यावे. उकरण्याचे पैसे मंजूर होईपर्यंत आपली नातवंडे मोठी होतील.

माझे मत सांगतो. स्वस्त उपाय वाईट असतोच असे नाही. स्वस्त उपाय घाईने, न तपासता, कंत्राटदाराच्या हवाली करून केला तर तो वाईट होतो. शिसे भयंकर जास्त असेल, बॅटऱ्या फोडल्याची जागा असेल, तर ती माती उकरूनच नेली पाहिजे. तिथे बांधाबांधीची भाषा आपण मान्य करायची नाही. पण मोठ्या वस्तीत सगळीकडे मध्यम प्रमाणात शिसे पसरले असेल, तर तिथे जागीच बांधणे आणि वर स्वच्छ मातीचा थर देणे हा सगळ्यात लवकर होणारा आणि कोणाच्याही दारात विष न नेणारा उपाय आहे. लवकर होणे याला मोल आहे. दोन वर्षांचे मूल दहा वर्षे थांबू शकत नाही.

मात्र यासाठी आपल्या अटी स्पष्ट पाहिजेत. मी सहा अटी मांडतो. आपापल्या शाखेत त्यांवर चर्चा करा, भर घाला, ठराव करा.

एक: आधी उगम बंद करा. वरून शिसे पडतच असेल तर खाली हाडे कालवणे म्हणजे फुटक्या हौदात पाणी भरणे. रंग खरवडताना खाली ताडपत्री, बॅटरीच्या धुण्याचे पाणी गटारात नाही, आणि जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच. २००१ च्या बॅटरी नियमांच्या जागी २०२२ साली नवे नियम आले आहेत. ते शाखेच्या कपाटात असले पाहिजेत.

दोन: तपासणी आमच्यासमोर. नमुने घेताना संघटनेचा आणि वस्तीचा प्रतिनिधी हजर असावा. कुठल्या धातूंची तपासणी झाली याची यादी मिळावी. फक्त शिसे तपासून आर्सेनिक सोडून देणे चालणार नाही.

तीन: मातीबरोबर मुलांचे रक्तही तपासावे. खात्याच्या दवाखान्यातून, फुकट. मातीवर केलेल्या कामाचा खरा निकाल रक्तात दिसतो.

चार: काम वस्तीतल्या माणसांना. ओकलंडमध्ये हे झाले, मग इथे का नाही? पण मजुरी पूर्ण, प्रशिक्षण आधी, माती ओली ठेवून काम, तोंडाला योग्य मास्क, कामाच्या जागी हातपाय धुण्याची सोय आणि कपडे घरी न नेण्याची व्यवस्था. विष बांधण्याच्या कामात नवे विषबाधित तयार होता कामा नयेत.

पाच: लेखी नोंद आणि पुन्हा तपासणी. कोणत्या अंगणात काय मिसळले याचा नकाशा संघटनेकडे आणि रहिवाशांकडे. ठराविक वर्षांनी पुन्हा चाचणी. क्वार्टर पाडले, पाइप टाकायला खणले, तर आधी तो नकाशा पाहायचा.

सहा: खर्च ज्याने घाण केली त्याचा. केंद्र सरकारने २०२५ साली दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने गोळा करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा, अशी त्यांची दिशा आहे. नियम कागदावर आहेत. पण यादीत जागा आपोआप जात नाही. कोणीतरी अर्ज करावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. हे काम संघटनेशिवाय कोण करणार?

कायद्याचा आणखी एक धागा. १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या रोगांची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक होते, त्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेच्या यादीतही शिसे आहे. म्हणजे शिशाचा रोग हा आपल्या मनाचा खेळ आहे असे कोणी म्हणू शकत नाही. डॉक्टरने कागदावर लिहावे म्हणून आपण आग्रह धरायचा. कागदावर आले नाही तर उद्या भरपाईच्या दाव्यात तुमच्या हातात काहीच उरत नाही.

हे सगळे मंजूर होईपर्यंत काय करायचे? तोवर घरात जे करता येते ते करा. कामाचे कपडे आणि बूट दाराबाहेर ठेवा, वेगळे धुवा. मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुवा. कोरड्या झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. उघड्या मातीवर गवत लावा. भाजी लावायची असेल तर बाहेरून आणलेली चांगली माती आणि खत घालून उंच वाफ्यात किंवा कुंडीत लावा, आणि पालेभाजी भरपूर पाण्याने धुवा. मुलांना पोटभर आणि वेळेवर जेवण द्या. उपाशी पोटी शिसे जास्त शोषले जाते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरीही शिसे जास्त भिनते. म्हणजे नाचणी, दूध, हिरवी भाजी हाही या लढ्याचाच भाग आहे. आणि ते ताटात यायचे तर पगार पुरला पाहिजे. बघा, बोलता बोलता आपण पुन्हा महागाई भत्त्यावर आलोच!

बंधू-भगिनींनो, महाराष्ट्राबाहेर, देशाच्या कानाकोपऱ्यात आपण मराठी माणसे रेल्वेच्या आणि टपालाच्या नोकरीसाठी गेलो. जिथे बदली झाली तिथे राहिलो, तिथल्या मातीत मुले वाढवली. ती माती आपल्या मालकीची नसेल, क्वार्टर रिकामे करून आपण निघून जाऊ. पण आपल्यामागून त्याच क्वार्टरमध्ये दुसरा कामगार येणार आहे, त्याचेही मूल त्याच अंगणात रांगणार आहे. वेस्ट ओकलंडचे पोर्टर आठशे-हजार मैलांवर आगगाडीत जागत असताना त्यांची मुले ज्या गल्लीत खेळली, तिथल्या कामाला २०११ साल उजाडावे लागले. आपण एवढी वाट पाहू नये.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एकच काम करावे. आपल्या भागातल्या जुन्या बॅटरी रूम, रंगकामाच्या जागा, भट्ट्या आणि त्यांना लागून असलेल्या वस्त्या यांची यादी करावी. जुने, निवृत्त कामगार बोलवा, त्यांच्याकडून विचारून लिहून घ्या. कुठे काय सांडले हे त्यांना आठवते, आणि ती माणसे आहेत तोवरच ही माहिती आहे. पोस्टमन बंधूंची मदत घ्या. यादी तयार झाली की तपासणीच्या मागणीचा अर्ज प्रशासनाला आणि प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पोच घ्यायला विसरू नका.

माती आपल्याशी बोलत नाही. तिच्या वतीने आपल्यालाच बोलावे लागेल. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!